तळघराची जमीन: अंबाजोगाईच्या वाड्यातली कामाची वही

२५ फेब्रुवारी २०२४

आत्या पडली तिथून हे काम निघालं. पडली म्हणजे पडता पडता ज्वारीची कोठी धरून उभी राहिली, पण ब्याऐंशीव्या वर्षी तेवढंही पुरे. तळघरात मधोमध, जरा पश्चिमेला, जमीन परातीसारखी खचलीय. तिच्या मते ती "पहिल्यापास्नं तशीच हाय". माझ्या लहानपणी तिथं गोट्या खेळताना सगळ्या गोट्या आपोआप एका जागी जमायच्या हे मलाही आठवतं, फक्त ती जागा हीच का, ते आठवत नाही.

आज नुसती मापं घेतली. तळघर दक्षिणोत्तर १४ फूट, पूर्व-पश्चिम ११ फूट. जिना उत्तरेकडून उतरतो. शहाबादी फरशी, २२ इंच बाय २२ची, नऊ फुटलेल्या. फरशीपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत ६ फूट २ इंच. वरून नवा थर चढवला तर माझं डोकं तुळईला लागणार, म्हणजे भर घालून सपाट करायचा सोपा मार्ग इथंच बंद.

दक्षिणेच्या भिंतीत एक उभा तडा आहे. आमच्या भागात भिंतीला तडा दिसला की तो त्र्याण्णवच्या भूकंपाचा, यावर कुणी वाद घालत नाही. मीही घातला नाही. खड्डाही त्याच रात्रीचा असणार असं धरून चाललो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. त्या धक्क्यानं किल्लारीकडं गावंच्या गावं पडली. आमच्या तळघराची जमीन चार इंच खाली जायला काय हरकत आहे?

तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली, बाजूला तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकेल.

३ मार्च

लातूरहून सकाळी लवकर निघालो. एका ठेकेदाराला बोलावलं होतं. त्यानं पाच मिनिटांत निकाल दिला: सगळं उकरा, एक फूट खोल जा, दगडाचं सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट, त्यावर चकाचक टाइल्स. नको असेल तर फरशीवरच आपोआप सपाट होणारं केमिकल ओतून देतो म्हणाला. बादलीत कालवायचं, ओतायचं, पाण्यासारखं पसरतं. ते मी लातूरला एका शोरूममध्ये बघितलंय आणि छान होतं. पण ते बसतं घट्ट, कोरड्या काँक्रीटवर, काही मिलिमीटरच्या थरात. डुगडुगणाऱ्या दगडावर आणि ओलीवर ते पापुद्र्यासारखं सुटणार.

एक फूट खोल जायचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. तो गेल्यावर पूर्वेच्या भिंतीलगत एक फरशी उचलून हाताएवढा खड्डा घेतला. भिंतीचा पाया फरशीच्या वरच्या पातळीपासून फक्त १४ इंच खाली जातो. त्याच्याखाली पांढरी माती. दगड-मातीची दोन फुटी भिंत, तिच्यावर माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) ओझं, आणि पाया उघडा पाडून आपण त्याच्या शेजारी फूटभर चर खणायचा! ठेकेदाराला फोन करून नको म्हणून सांगितलं.

१० मार्च

गल्लीतले जुने मिस्त्री आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. त्यांनी आधी काहीच न बोलता पहारीच्या मागच्या टोकानं प्रत्येक फरशी ठोकली. भरीव, भरीव, भरीव, आणि खड्ड्याजवळ आल्यावर डफासारखा आवाज. "भाऊ, हे खचलं न्हाई. खाली रिकामं हाय."

मग नळी लावली. प्लास्टिकची पारदर्शक नळी, पाण्यात थोडी नीळ घातलेली म्हणजे पातळी दिसते. जिन्याजवळ ईशान्य कोपऱ्यात जमिनीपासून बरोबर ३६ इंचांवर खूण केली आणि तिथून चारी भिंतींवर फिरवत रेघ आणली. फिरून पहिल्या खुणेशी आलो तर अर्ध्या इंचाचा फरक! नळीत बुडबुडा अडकला होता. पुन्हा पाणी भरलं, नळी झटकली, पुन्हा फेरी. या वेळी खूण खुणेवर बसली. पहिल्या खुणेशी परत येऊन बघितलं नसतं तर सगळी मापं खोटीच वहीत उतरली असती.

रेघेपासून खाली जमिनीपर्यंत:

ईशान्य कोपरा (जिना): ३६ इंच
वायव्य: ३६ इंच ७ सूत
आग्नेय: ३७ इंच ३ सूत
नैर्ऋत्य: ३८ इंच २ सूत
खड्ड्याचा तळ: ४० इंच ६ सूत

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रात्री जेवल्यावर हे आकडे बघत बसलो. खड्डा सोडला तर बाकीची जमीन वेडीवाकडी नाहीच. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडं सरळ उतरत जाते. तिरकं अंतर साधारण अठरा फूट आणि उतार अठरा सूत. फुटाला एक सूत. खचून कुठलीही जमीन इतकी हिशेबात खचत नाही. कुणीतरी दोरी लावून हा ढाळ दिलाय.

म्हणजे मी ज्याला वाकडी जमीन म्हणत होतो तिच्यात दोन गोष्टी होत्या, एक केलेली आणि एक झालेली. ठेकेदाराच्या हाती दिलं असतं तर दोन्ही सपाट झाल्या असत्या.

१७ मार्च

रोजे सुरू झालेत. चाचा सकाळी सात ते बारा येणार. तळघरात बाहेरच्यापेक्षा गारवा असल्यानं त्यांची तक्रार नाही, उलट दुपारी तिथंच अर्धा तास पडतात.

ओलीची परीक्षा. प्लास्टिकचा दोन फुटी चौकोन जमिनीवर पसरून कडा बंद करायच्या आणि एक दिवस सोडून द्यायचं. प्लास्टिकच्या खालून थेंब आले तर ओल जमिनीतून येतेय. वरून आले तर हवेतला दमटपणा गार फरशीवर धरतोय. धुळीमुळं चिकटपट्टी धरेना, म्हणून कडांना कालवलेली माती लिंपली. कालपासून तीन जागी ठेवलं होतं. उत्तरेला कोरडं, मधे कोरडं, नैर्ऋत्येला खालून घाम.

मार्चमध्ये कोरडं निघालं म्हणून खुश होण्यात अर्थ नाही. खरी साक्ष भिंतीकडं आहे. तिन्ही जुन्या भिंतींवर जमिनीपासून १४-१५ इंचांवर लोण्याची, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून फुटणाऱ्या खाराची, पांढरी रेघ, त्याच्यावर स्वच्छ. पश्चिमेच्या भिंतीला मात्र कुणीतरी (बहुतेक आमच्याच वडिलांनी) खालचे तीन फूट सिमेंटचा गिलावा केला होता. तिथं लोणा गिलाव्याच्या वर, चार फुटांवर फुटलाय. ओल कुठं जाणार? बाहेर पडायची वाट सिमेंटनं बुजवली तर ती वर चढते. जमिनीवर प्लास्टिक, काँक्रीट, टाइल्स असं झाकण बसवलं असतं तर चारी भिंतींचं हेच झालं असतं. म्हणून जमीन चुन्याची करायची, फरशी तीच, दर्जाही (फरश्यांमधल्या सांध्यांची भरणीही) चुन्याच्याच. ओल येईल तशी सुकून जाऊ दे. तळघर कधीच हाडासारखं कोरडं होणार नाही, हे आज आत्याला सांगितलं. "मग कोठ्या विटांवरच ठिवायच्या की नेहमीसारख्या," ती म्हणाली. हो.

२३ मार्च

फरश्या उचलायला सुरुवात. प्रत्येकीवर खडूनं आकडा, आणि भिंतीलगत उभ्या रचल्या. मधे ढीग करायचा नाही, कारण मधे काय आहे ते अजून माहीत नाही. फरशीखाली दीडेक इंच मुरूम, त्याच्याखाली चोपलेली पांढरी माती. दुसरं काही नाही.

नैर्ऋत्य कोपऱ्यातली फरशी उचलली तर खाली रांजण. गळ्यापर्यंत पुरलेला, गाळानं भरलेला, तडकलेला. ढाळाचं कोडं सुटलं: पावसाळ्यात भिंतीच्या बुडातून जे पाणी झिरपायचं ते या रांजणात जमायचं आणि तांब्यानं उपसायचं. आत्याला विचारलं. "हाव की. आमची आई रोज सकाळी उपसायची. तू फरशी कवा उचललीस म्हणून सांगू?" वर फरशी कुणी आणि का बसवली ते तिला आठवत नाही. झाकल्यावर पाणी फरशीखाली मुरत राहिलं असणार.

परवा धुळवड. काम बंद.

३१ मार्च

मधल्या फरश्या परवा निघाल्या. खाली मुरमाची कवटी, आणि तिच्यावर पहार आपटली तर एक ढेकूळ आत गेलं आणि जरा वेळानं धप्प आवाज आला. चाचांनी सगळ्यांना जिन्यावर पिटाळलं.

पेव आहे. ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव. वर अरुंद तोंड, खाली पोट फुगत जाणारं, मडक्यासारखं. तोंडावरची दगडी झाकणी मधोमध मोडून आत पडलीय. आत भराव: राख, खापऱ्या, विटांचे तुकडे, काचेच्या बांगड्या. भराव कधीच चोपलेला नव्हता. वर्षानुवर्षं रांजणात जाणारं पाणी फरशीखालून इकडं वळलं, भराव बसत गेला आणि वर दीड फुटाची पोकळी राहिली. भूकंपाचा यात हात असेलही, पण फार तर शेवटचा धक्का देण्यापुरता. मी उगाच त्याच्या नावावर खातं उघडलं होतं.

आत उतरायचं नाही, हे चाचांनी निक्षून सांगितलं आणि ते बरोबर आहे. बंद पेवात धान्य हवेतला प्राणवायू खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो जड असल्यानं तळाशी बसून राहतो. पेवात उतरलेला माणूस आवाज न करता खाली बसतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आमच्या पेवात आता धान्य नाही, तरी कुजकट वास होता. दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, टेबलफॅनचा झोत आत सोडला. चाचांनी दोरीला बांधून कंदील सोडला. जळत राहिला. तरी कंदील जळला म्हणजे सगळं ठीक, असं मी धरणार नाही. सगळं काम वरूनच.

आत्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून हे बघत होती. तिचं म्हणणं, पेव ढेलजेखाली (दारालगतच्या देवडीखाली) होतं, तळघरात नव्हतंच. लेव्हीच्या धास्तीनं तिच्या आजोबांनी ते झाकून टाकलं होतं असं तिनं ऐकलंय. निजामाच्या राज्यात धान्याची सक्तीची वसुली व्हायची, त्याची गोष्ट. पण भरावात टॉर्चचा गंजलेला सेल निघाला, म्हणजे हे बुजवलंय बरंच नंतर. तो दाखवल्यावर ती म्हणाली, "मग ह्ये दुसरं आसंल. बहात्तरला बुजवलेलं." बहात्तरच्या दुष्काळात पेवं रिकामी झाली आणि लोक रांगेत उभं राहून मिलो घेत होते, ती लाल ज्वारी. रिकाम्या पेवात लेकरू पडायला नको म्हणून बुजवलं म्हणे. ढेलजेखाली अजून एक आहे का, हे बघायची मला सध्या अजिबात इच्छा नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार जणांनी हंडा निघाला का विचारलं. चौथ्याला मी हो म्हणालो. चूक केली.

७ एप्रिल

चाचांचा आणि माझा एकच वाद झाला तो हा. मला पेव तळापर्यंत रिकामं करून नीट भरायचं होतं. बांबू घालून बघितलं, तळ साडेसहा फुटांवर आहे. चाचांनी बांबूच आडवा फिरवून दाखवला: पोट पाचेक फूट रुंद, पश्चिमेची भिंत पोटाच्या कडेपासून दीड फुटावर. पाया १४ इंच. भराव जसा आहे तसा त्या मातीला आतून टेकू देतोय. तो सगळा काढला आणि कड ढासळली तर भिंत बसेल. मी गप्प झालो.

ठरलं ते असं. वरचा तीन फूट भराव काढायचा. खालचा लांब मुसळानं वरूनच ठोकायचा. मग मोठे दगड, त्यांच्या फटीत लहान दगड, त्यावर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर ओला करून धुम्मसानं चोपायचा. एकदम भरून वरून चोपला तर फक्त वरचे चार-सहा इंच घट्ट होतात, खाली पुन्हा तेच. या कामाला दोन बिगारी आणि चार दिवस लागले. ट्रॉलीभर मुरूम आणला होता, त्यातला अर्धा वाड्याच्या दारात अजून पडून आहे. नगरपालिकेनं उचलायला सांगायच्या आत तो हलवायला हवा.

२० एप्रिल

पाडवा, ईद, जयंती असा आठवडा-दीड आठवडा काम बंद होतं. ईदच्या दिवशी चाचांकडं शीरखुर्मा, तिथंच चुन्याचा हिशेब.

एकूण जमीन फरशीच्या वरच्या पातळीपासून सव्वासात इंच खाली घेतली, त्याहून जास्त नाही. भिंतीलगत तर एका वेळी तीन-तीन फुटांचाच तुकडा. खाली दोन इंच मुरूम, तीन इंच चुन्याचं काँक्रीट, इंचभर चुन्याचा लगदा, त्यावर सव्वा इंचाची फरशी. पाया अजून सात इंचांनी झाकलेला राहतो.

पहिला चुना वाया गेला. दुकानदारानं जो दिला तो मी घाईत एकच दिवस भिजवून चाचांच्या हाती दिला. त्यांनी नमुन्याला हातभर तुकडा घातला, तर तिसऱ्या दिवशी त्यावर पुटकुळ्या: न विरलेले खडे आत फुगत होते. आता कळीचा चुना आणून टाकीत विरवायला घातला, वर पाणी उभं ठेवून. पंधरा दिवस हात लावायचा नाही, आणि वापरताना जाळीतून गाळायचा.

सुरखीसाठी विटा फोडणं चालू आहे. जळून काळी पडलेली वीट नको. नीट भाजलेली लाल वीट बारीक दळली की ती चुन्याशी धरते आणि ओलीतही घट्ट होते. नुसता चुना-वाळू या तळघरात महिनोन्‌महिने मऊच राहिला असता.

८ मे

चुन्याचं काँक्रीट पडलं. एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू, आणि त्यात विटांचे तुकडे नि खडी. साधारण चाळीस घनफूट. ढाळ पूर्वीचाच ठेवला. रेघेपासून माप घेत लाकडी पट्ट्या बसवल्या, फुटाला एक सूत, नैर्ऋत्येकडं.

घातल्यावर तीन दिवस चोपणं. दोन बायका लाकडी चोपण्या घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या थोरलीनं असली कामं पूर्वी गच्च्यांवर केलेली आहेत. चोपणी उडून परत यायला लागली की थांबायचं, हे तिनं सांगितलं. चाचा वरून गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपडत होते. त्यांच्या वडिलांची रीत. याचा नेमका किती फायदा होतो ते मी मोजलेलं नाही. गुळाला मुंग्या किती लागतात ते मात्र मोजता येणार नाही इतकं होतं.

वर ओली गोणपाटं. बाहेर उन्हाचा कहर असला तरी तळघर गार, त्यामुळं चुना सावकाश सुकेल. दहा दिवस तसंच.

१९ मे

मधे मतदान झालं, चाचा दोन दिवस नव्हते. फरशी बसवायला घेतली. जुन्या धड फरश्या आकड्याप्रमाणं, नऊ नव्या. नव्या फरश्या जुन्यांपेक्षा पातळ आणि करड्या. शहाबाद आणि आम्ही १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो, त्या काळातला माल जाड होता असं म्हणायचा मोह होतो. खरं म्हणजे दुकानात मी स्वस्तातला घेतला.

रांजणाच्या जागी विटांची दीड फुटी कुंडी बांधली, वर भोकं पाडलेली फरशी. ती उचलता यावी म्हणून तिला लोखंडी कडी.

पेवावरच्या चार फरश्या मुद्दाम चुन्याच्या मऊ लगद्यावर, दर्जाही नरम ठेवल्यात. पुन्हा थोडं बसलंच तर त्या चार उचलता याव्यात, फोडाव्या लागू नयेत.

पश्चिमेचा सिमेंटचा गिलावा छिन्नीनं काढला. भिंत आतून ओलीचिंब. तिला आता वर्षभर तरी काही लावायचं नाही. दिसायला वाईट दिसतं, राहू दे.

खर्च एकूण ४६ हजारांच्या आसपास, त्यात वाया गेलेला चुना धरून.

१४ जुलै

पाऊस बेताचा. कुंडीत ओलसर गाळ, पाणी नाही. दक्षिणेच्या तड्यावरची काच शाबूत. तडा जुना असेल, पण चालू नाही.

आत्यानं कोठ्या परत आणल्या. विटांवर.

८ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात मराठवाडाभर धो धो. दोन दिवस लातूरहून निघताच आलं नाही, आत्या फोनवर कुंडीची खबर देत होती: पहिल्या दिवशी पाच तांबे, दुसऱ्या दिवशी बादलीभर, मग तीन तांबे. पाणी जमिनीवर कुठंही थांबलं नाही.

आज नळी घेऊन पुन्हा मापं. चारही कोपरे मेमधल्या मापावर. पेवावर मात्र एक सूत खाली, आणि चारांतली वायव्येची फरशी पाय दिला की डुगडुगते. खालचा भराव आम्ही काढला नव्हता, तो अजून बसतोय. चाचांना दाखवलं. त्यांनी फरशीवर उभं राहून दोनदा पाय हलवला आणि दिवाळीनंतर येतो म्हणाले. चुना अर्ध्या पिंपात शिल्लक आहे, वर पाणी ठेवलंय.